विहीणबाई, मी आणि इंग्लंडची जुनी चर्चं

इंग्लंडमधल्या चर्चमध्ये जाताना बूट काढायचे नसतात. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर लिंकनला माझे मोजे भिजले नसते. मी दारातल्या पायरीवर बूट काढून नीट जोडीने ठेवले आणि आत गेले. आत सगळे बुटांसकट फिरत होते. बाहेर येऊन बघते तर पाऊस भुरभुरून गेलेला आणि बुटांत पाणी. चोरी मात्र झाली नव्हती, हे त्यांच्या बाजूने लिहिते.

आमच्या कराडच्या महिला मंडळाच्या अंकासाठी हे लिहायला सांगितलं. मी म्हटलं, चौथी शिकलेली बाई काय लिहिणार? तर अध्यक्षीणबाई म्हणाल्या, लिहा, वाचणाऱ्याही तेवढ्याच शिकलेल्या आहेत. तेव्हा जे बघितलं ते सांगते. देखावे सुंदर होते, ते फोटोत बघा.

माझी मुलगी सुरेखा कॉव्हेंट्रीला असते. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे आणि जावई मिलिंदराव कॉम्प्युटरच्या कंपनीत. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात त्यांनी मला बोलावून घेतलं, आणि त्याच वेळी मिलिंदरावांच्या आईही पुण्याहून आल्या. म्हणजे माझ्या विहीणबाई, निर्मलाबाई. पुण्याच्या शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. यजमान गेल्यावर तिथे फ्लॅटमध्ये एकट्या राहतात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. सुरेखाच्या घरी आम्हां दोघींना एकच खोली होती.

ज्यांच्या मुली लग्न होऊन गेल्यात त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. मुलाची आई वरची, मुलीची आई खालची. मी गावात फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. आमच्या पिठाच्या गिरणीवर गिऱ्हाईक माझ्या तोंडाला भिऊन रांगेत उभं राहायचं. पण विहीणबाईंपुढे मी लग्नापासून तोंड मिटून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या आमटी खारट आहे की मी म्हणायची हो, जरा खारटच झाली, मग मीठ त्यांनी स्वतः का घातलेलं असेना.

तिथल्या मराठी मंडळाने म्हाताऱ्यांसाठी तीन दिवसांची कोचची, म्हणजे मोठ्या बसची, सहल काढली होती. लिंकन, यॉर्क आणि डरहॅम, जुनी गावं आणि जुनी चर्चं. सुरेखाने आमची दोघींची नावं परस्पर देऊन टाकली. तिलाही तीन दिवस मोकळं घर हवं असणार. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

लिंकन

आमची पुढारी मीना. चाळिशीची बाई, तिथेच जन्मलेली, तिथेच शाळेत शिकवते. मनाने चांगली, पण मराठी तिचं वेडंवाकडं. कोचमध्ये उभी राहून म्हणाली, "आजी-आजोबा, हा चर्च खूप जुनी आहे. आपण हळूहळू चालू. कोणाला टॉयलेटला जायचं असेल तर मला आधी सांगा, नंतर नको." शेवटचं वाक्य मात्र तिचं अगदी शुद्ध होतं.

लिंकनचं चर्च टेकडीच्या माथ्यावर आहे. इंग्लंडात मी पाहिलं की देव एक तर टेकडीवर असतो नाही तर बाजारपेठेत, आपल्यासारखाच. वर जायचा रस्ता दगडी आणि असा उभा की एका बाजूला धरायला लोखंडी कठडा लावलेला आहे. दोन्ही बाजूंना बुटकी दुकानं. मला इंग्रजी येत नाही, म्हणून विहीणबाई चालता चालता पाट्या वाचून दाखवत होत्या. ते त्यांना आवडतं. शिकवण्याची सवय.

"हे जुन्या पुस्तकांचं दुकान. ही चहाची खोली. इथे लिहिलंय, कुत्र्यांना आत यायला हरकत नाही."

"आणि आपल्याला?" मी विचारलं.

"आपल्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

एवढं बोलल्या आणि पायाशी ठेवलेल्या एका फळ्यावर धडकल्या. दुकानदाराने खडूने काही लिहून बाहेर मांडला होता, पार कमरेइतका उंच. लांबच्या पाटीवरचं बारीक अक्षर वाचणारी बाई पायाजवळचा फळा पाडते, याचं मला नवल वाटलं. फळा मी उचलून ठेवला. "रस्त्यातच दुकानं मांडतात मेले," त्या म्हणाल्या.

चर्चबद्दल सांगते. आमची गिरणी, समोरची शाळा आणि मार्केट यार्डाची शेड आत नेऊन ठेवली तरी वर जागा उरेल. खांब दगडाचे, छत दगडाचं, आणि जमिनीतल्या फरशा म्हणजे थडगी. खाली माणसं पुरलेली, वर त्यांची नावं कोरलेली, आणि लोक त्यावरून चालतात. मी जिथे अक्षर दिसेल तिथे वळसा घालून गेले, त्यामुळे माझी चाल दारू प्यायल्यासारखी झाली. विहीणबाई मात्र सरळ सगळ्यांच्या छातीवरून गेल्या. घरी त्या मासिक पाळीतल्या मुलीचा हात लोणच्याला लागू देत नाहीत, आणि इथे मेलेल्या माणसांवरून खुशाल चालल्या. हेही मी मनात ठेवलं.

आत एका खांबावर उंच जागी दगडात कोरलेला एक छोटा राक्षस आहे, पायावर पाय टाकून बसलेला. तोच बघायला तिथे गर्दी असते. मीना बोट करून दाखवत होती. "तो बघा, ती छोटी राक्षस!" आमच्यातल्या एकेकाला तो सापडायला लागला. विहीणबाई वर बघून म्हणाल्या, "हो, दिसला. गोड आहे."

त्या भलत्याच खांबाकडे बघत होत्या. तिथे काहीच नव्हतं.

संध्याकाळी यॉर्कच्या बाहेर एका हॉटेलात उतरलो. उन्हाळ्यात तिथे रात्री जेवणं झाली तरी उजेड असतो, त्यामुळे झोपावं की नाही ते कळत नाही. जेवायला मोठा बटाटा सालासकट भाजून, मधे चिरून, त्यात गोड टोमॅटोत शिजवलेल्या शेंगेच्या बिया घातलेल्या. पोट भरतं. वर मी सुरेखाने दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या आपल्या लोकांची तोंडं एकदम गोड झाली. धपाटे वाटण्यात गेले, मला अर्धा आला.

खोलीत चहाची किटली असते, हे मात्र चांगलं. विहीणबाई म्हणाल्या, मी करते. आणि उकळतं पाणी कपाच्या शेजारी ओतलं. टेबलावरून धार खाली त्यांच्याच चपलेवर. "कप सरकला," त्या म्हणाल्या. कप जागचा हलला नव्हता.

मग मला सगळं कळलं. माझ्या सासऱ्यांना काचबिंदू होता. ते अगदी शेवटपर्यंत वर्तमानपत्र वाचायचे, आणि दाराच्या चौकटीला धडकायचे. काचबिंदू असा कडेकडेने खात येतो. समोरचं दिसतं, बाजूचं जातं, जसं पाइपातून बघावं तसं. माणसाला वाटतं, मला दिसतं आहे. आणि एक दिवस पाइपही बंद होतो. मोतीबिंदू काढला की दिसतं. काचबिंदूत गेलेलं परत येत नाही, उरलेलं तेवढं औषधाने राखता येतं. हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं तेव्हा राखण्यासारखं फार उरलं नव्हतं, तरी त्यांच्या डोळ्यांत थेंब मीच घालायची.

मी कप पुसला आणि दुसरा चहा केला. मुलीची आई विहिणीला "तुम्हाला दिसत नाही" असं कसं म्हणणार?

यॉर्क

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मोठ्या चर्चमध्ये दुपारी जायचं होतं, म्हणून सकाळी मीनाने आम्हाला जवळच्या एका लहानशा जुन्या चर्चमध्ये नेलं. तिथे प्रार्थना चालू होती. म्हणाली, "मागे बसा, गाणं ऐका, पुढे जायचं नाही." आणि ड्रायव्हरशी काही बोलायला बाहेर गेली. मागे बसा एवढंच आम्ही ऐकलं.

प्रार्थना चालवणारी बाई होती. पांढरा झगा, वर हिरवी पट्टी, केस पिकलेले, आवाज खणखणीत. इंग्लंडात बायकांना पुजारीपण मिळालं आहे. मला बरं वाटलं, पण आमच्यातले एक आजोबा म्हणाले, "कलियुग." त्यांची बायको म्हणाली, "तुम्ही झोपा." आणि ते खरंच झोपले.

थोड्या वेळाने लोक उठून रांगेने पुढे जायला लागले. पुढे कठड्यापाशी गुडघे टेकून हात पसरत होते आणि ती बाई हातावर काही ठेवत होती. आता प्रसाद वाटायला लागल्यावर बसून राहणारं मराठी माणूस मी पाहिलेलं नाही. विहीणबाईंनी विचारलं, "लोक कुठे चाललेत?" मी म्हटलं, "प्रसादाला." त्या म्हणाल्या, "देवाच्या दारी आलो आणि प्रसाद न घेता गेलो तर बरं दिसत नाही." आम्ही दोघी रांगेत.

माझ्या हातावर एक पातळ पांढरी चकती ठेवली, नाण्याएवढी, वजन नसलेली. मी ती कपाळाला लावली, कोट उघडला आणि पदराच्या टोकात बांधली, सुरेखा-मिलिंदरावांसाठी. विहीणबाईंनी आपली खाल्ली. मग दुसरी एक बाई चांदीचा पेला घेऊन बाजूने आली. आपल्याकडे तीर्थ कसं घेतात? डाव्या हातावर उजवा हात, तळव्याचा खोलगा करून. विहीणबाईंनी तसाच हात पुढे केला. त्या बाईला काही समजेना. तिने पेला त्यांच्या ओठांशी नेला. तो बाजूने आला, विहीणबाईंना दिसलाच नाही, आणि त्यांचा पुढे केलेला हात पेल्यावर आपटला. लाल द्राक्षाची दारू कठड्यावर, पांढऱ्या कापडावर आणि त्यांच्या मनगटावर. मनगटावरची विहीणबाईंनी चाटली आणि तोच ओला हात केसांवरून फिरवला, तीर्थ घेतल्यासारखा.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. पेलेवाल्या बाईने कापड काढून सगळं पुसलं, फार जपून, एकेक थेंब. मग तिची नजर माझ्या पदराच्या गाठीकडे गेली. ती वाकून हळू आवाजात विहीणबाईंशी बोलली. विहीणबाई मला म्हणाल्या, "त्या म्हणतात, ते इथेच खायचं असतं, बाहेर न्यायचं नसतं."

मी गाठ सोडून चकती खाल्ली. चव कागदाची. आपल्याकडे प्रसाद घरी नेला नाही तर घरचे रागावतात, त्यांच्याकडे नेला तर देव रागावतो. नंतर मीनाने सांगितलं की तो त्यांचा बाप्तिस्मा झालेल्या माणसांनीच घ्यायचा असतो. ती लाल होऊन माफी मागत फिरली. पुजारीण बाई हसली, म्हणाली काही बिघडलं नाही, आणि आम्हाला मागच्या खोलीत चहा-बिस्किटं दिली. चहात तिने आपल्यासारखीच सढळ हाताने साखर घातली. माणूस चांगलं होतं.

चहा पिताना विहीणबाई म्हणाल्या, "त्या बाईनेच धक्का दिला."

मी म्हटलं, "हो."

दुपारी मोठं चर्च पाहिलं. त्याच्या खिडक्यांना रंगीत काचांची चित्रं आहेत, भिंतीएवढी, आणि उजेड आत आला की फरशीवर लुगडं वाळत घातल्यासारखे रंग पडतात. नंतर एक गल्ली पाहिली. तिथली घरं वरच्या मजल्याला पुढे झुकलेली आहेत, समोरासमोरच्या बायका खिडकीतून मिरच्या देऊ-घेऊ शकतील इतकी. ती पूर्वी खाटकांची गल्ली होती, दुकानांबाहेर मांस टांगायचे आकडे अजून आहेत. आता तिथे मिठाई आणि टोप्या विकतात.

त्यानंतर मीनाने आम्हाला गावाच्या तटावर नेलं. यॉर्कला भोवती दगडी तट आहे आणि त्यावरून चालता येतं. बाहेरच्या बाजूला भिंत आहे. आतल्या बाजूला काही ठिकाणी कठडाच नाही, वाट संपली की सरळ खाली बागा. इंग्रज लोक कुत्रं घेऊन, पोरं घेऊन निवांत चालत होते. मी विहीणबाईंच्या आतल्या बाजूला चालायला लागले.

"तुम्ही मला भिंतीशी का ढकलता?"

"भिंतीशी वारा कमी लागतो."

समोरून एक कुटुंब आलं. वाट द्यायला मी मागे झाले, आणि विहीणबाई बाजूला झाल्या, मोकळ्या बाजूला. एक पाय वाटेवर, दुसरा हवेत. मी त्यांचा कोट धरला. कोट सुरेखाचा होता, चांगल्या शिलाईचा. दोघी वाटेवर बसलो. त्या कुटुंबातल्या माणसाने धावत येऊन हात दिला, काहीबाही विचारलं. विहीणबाईंनी स्वच्छ इंग्रजीत त्याला सांगितलं, काही नाही, चक्कर आली. तो गेला. मग आम्ही तिथेच भिंतीला टेकून बसलो. बाकीचे पुढे गेले होते.

मी म्हटलं, "विहीणबाई, तुम्हाला बाजूचं दिसत नाही."

"मोतीबिंदू आहे. पिकला की काढू. पुण्याला."

"हा मोतीबिंदू नाही." आणि मी सासऱ्यांचं सगळं सांगितलं, चौकटीपासून शेवटपर्यंत.

त्यांनी कोटाची धूळ झटकली. मग म्हणाल्या, "मिलिंदला कळलं तर तो मला परत पाठवणार नाही. आत्ताच म्हणतो, आई, एकटी कशाला राहतेस. मला इथे राहायचं नाही. इथे मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांची वाट बघत बसते. तिथे माझं घर आहे, माझी शेजारीण आहे, भाजीवाला मला बाई म्हणतो. तुम्ही मिलिंदला सांगायचं नाही."

"आंधळ्या झालात तर तिथे तरी कशा राहाल?"

तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही मुलीकडच्या आहात, विहीणबाई. मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांच्या घरात तोंड घालू नये. तुम्हाला एवढी रीत माहीत असेल."

रीत मला माहीत होती. पण परत येताना त्यांचा हात धरला तो सोडला नाही, आणि त्यांनीही सोडवून घेतला नाही.

डरहॅम

सकाळी हॉटेलात टोस्ट, जॅम आणि पुन्हा त्याच गोड बिया. विहीणबाई माझ्याशी "मीठ द्या" एवढंच बोलल्या.

डरहॅमचं चर्च उंच कड्यावर आहे आणि खाली नदीने गावाला जवळजवळ वेढा घातलेला आहे. तिन्ही गावांत मला हे आवडलं. लिंकनचं देखणं होतं, यॉर्कचं श्रीमंत, आणि हे दणकट. खांब असे जाड की चार बायकांनी हात धरून कवेत घ्यावेत, आणि त्यावर दगडातच नागमोडी रेघा, चौकटी, रांगोळीचे कणे कोरलेले. आत अंधार जास्त. विहीणबाईंनी दारातच माझा दंड धरला.

मागच्या बाजूला फरशीत एक काळ्या दगडाची आडवी पट्टी आहे. मीनाने सांगितलं, "इथे आधी मंक लोक, म्हणजे साधू, राहायचे. बायका फक्त या लाइनपर्यंत यायच्या. पुढे नाही. देवळात पण, म्हणजे त्यांना, अलाउड नव्हतं."

बायका हसल्या. एकीने मुद्दाम उडी मारून पट्टी ओलांडली. आपल्याकडेही गाभाऱ्यात बायकांना मज्जाव असलेली देवळं आहेत, मला त्यात नवीन वाटलं नाही. नवीन एवढंच की यांनी पट्टी ठेवली आणि मज्जाव काढला.

"कुठे आहे पट्टी?" विहीणबाईंनी मला विचारलं.

"तुमच्या पायाखाली."

त्यांनी बुटाच्या टोकाने चाचपून पाहिलं. फरशी सपाट, पायाला काय कळणार. मग विचारलं, "आणि त्या बायका इतक्या लांबून काय बघायच्या?"

"तुम्ही बघता तेच," मी म्हटलं. "समोरचं थोडं."

हे मी बोलायला नको होतं असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. त्या पुढे येऊन बाकावर बसल्या, मीही बसले. बराच वेळ कोणीतरी ऑर्गनवर तेच तेच सूर वाजवून बघत होतं.

"छत कसं आहे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. दगडाच्या फासळ्या आहेत, मोठ्या जनावराच्या पोटात बसल्यासारखं वाटतं. खिडक्या उंच आहेत. टोकाला एक गोल खिडकी आहे, चक्रासारखी.

"गोल दिसते," त्या म्हणाल्या. मग, "तुमच्या सासऱ्यांना कळलं होतं का, की संपत चाललंय?"

"कळलं होतं. सांगितलं नाही. गिरणीचा हिशेब धाकट्या भावाकडे जाईल म्हणून."

"आणि गेला?"

"गेलाच की. आंधळ्याकडे कोण ठेवतो?"

परतीच्या कोचमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि मी वाटेच्या बाजूला. बाहेर मेंढ्या, हिरवी कुरणं, पुन्हा मेंढ्या. मागे आपले लोक गाण्याच्या भेंड्या खेळत होते. एरवी प्रत्येक गाण्यातली चूक काढणाऱ्या विहीणबाईंनी आज एकही काढली नाही. मी विचार करत होते. माझी मुलगी त्या घरात आहे. उद्या सासूने म्हटलं, तुझ्या आईने चहाडी केली, तर ऐकून घ्यावं लागणार सुरेखाला, मला नाही. मी कराडला निघून जाणार. आणि न सांगितलं, तर पुढच्या वेळी तटावर कोट धरायला कोण असेल?

कॉव्हेंट्री

मिलिंदराव कोचपाशी घ्यायला आले होते. बॅग उचलत म्हणाले, "काय मग, एन्जॉय केलंत ना दोघींनी? आई, पाय दुखले का?"

जावयाला नावाने हाक मारून मी कधी बोललेली नाही. म्हटलं, "जावईबापू, तुमच्या आईंना काचबिंदू आहे असं मला वाटतं. बाजूचं दिसत नाही. यॉर्कला तटावरून पडता पडता राहिल्या. उद्याच्या उद्या दाखवा."

ते बॅग धरून तसेच उभे राहिले. "आई?"

"त्यांना काय कळतंय," विहीणबाई म्हणाल्या. "चौथी शिकलेल्या. डॉक्टर आहेत का त्या?"

मी मिलिंदरावांना म्हटलं, "त्यांच्या शेजारी उभे राहा. अगदी बाजूला. आणि हात हलवा."

ते उभे राहिले. हात हलवला. विहीणबाई समोर बघत होत्या, कोचकडे. त्या म्हणाल्या, "मिलिंद, कुठे गेलास?"

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याने डोळे तपासले आणि तिथूनच हॉस्पिटलला चिठ्ठी दिली. डावा डोळा जवळजवळ गेलेला होता. उजवा निम्मा होता, तो थेंबांनी टिकेल असं डॉक्टर म्हणाले. पण थेंब रोज घालायचे, दोन्ही डोळ्यांत, आयुष्यभर, एक दिवस चुकवायचा नाही.

मिलिंदरावांनी तिथेच ठरवून टाकलं. "आई, दॅट्स इट. आता तू इथेच राहायचंस. मी व्हिसाचं बघतो. पुण्यात रोज थेंब कोण घालणार?"

विहीणबाई त्या दिवसापासून माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. एकाच खोलीत राहायचं आणि बोलायचं नाही, हे कसब आहे. समोर मी बसलेली असताना त्या सुरेखाला म्हणायच्या, "तुझ्या आईला सांग, दिवा बंद करा." सुरेखा स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "आई, तू तिथे कशाला बोललीस गं? मला एकटीला सांगायचंस ना. आता माझ्यावरच आलं सगळं." तिचं खरं होतं. सकाळी कामावर जायच्या घाईत तीच थेंब घालायची. सासूबाई डोळे घट्ट मिटायच्या, थेंब गालावर, आणि दोघींची चिडचिड.

असे काही दिवस गेले. एका सकाळी सुरेखाने बाटली माझ्या हातात दिली. "तू घाल. आजोबांना तूच घालायचीस ना?"

मी बाटली घेतली आणि विहीणबाईंच्या मांडीवर ठेवली.

"मी घालणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही घाला."

सुरेखा म्हणाली, "आई, काय हे? त्यांना जमणार आहे का?"

"तू कामावर जा," मी तिला सांगितलं. ती गेली. मग मी विहीणबाईंना म्हटलं, "जावईबापू काय म्हणाले? पुण्यात थेंब कोण घालणार. दुसरं काही म्हणाले नाहीत. तुमचे तुम्हाला घालता आले तर त्यांच्याकडे बोलायला काय उरतं?"

त्यांनी बाटली डोळ्यांजवळ नेऊन तिच्यावरचं अक्षर वाचलं. मग इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. "आरशात दिसत नाही नीट."

"आरसा कशाला? डोळा आपला आहे, तो कुठे आहे ते माहीत आहे. आडव्या व्हा. डाव्या हाताने खालची पापणी ओढा. उजवा हात कपाळावर टेकवा, म्हणजे थरथरणार नाही. आणि बाटली दाबा."

पहिला थेंब कानात गेला. दुसरा भुवईवर. तिसरा नाकावरून तोंडात, आणि त्या म्हणाल्या की कडू आहे. मी म्हटलं, तीर्थ नव्हे ते. त्यांना हसू आलं, हात हलला, चौथाही वाया. "तुम्ही उभ्या राहून बघत बसू नका," त्या म्हणाल्या, "मला परीक्षेसारखं वाटतं."

"मग नापास होऊ नका."

पुढचा थेंब पडला. डोळा मिटून तशाच पडून राहिल्या. मग म्हणाल्या, "गेला आत. गार लागला."

"हं," मी म्हटलं. "आता दुसरा डोळा."